प्रशिक्षण झालं, सह्याही झाल्या. तरी सिस्टरची पाठ का धरते?

रुग्णालयाला एनएबीएच या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन हवं असलं की कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिल्याची नोंद ठेवावी लागते. आग लागली तर काय करायचं, सुई टोचली तर कुठे कळवायचं, आणि त्याच ओघात ‘वजन कसं उचलावं’. पडद्यावर दोन चित्रं येतात. कमरेत वाकून खोकं उचलणाऱ्या माणसावर लाल फुली, गुडघे दुमडून उचलणाऱ्यापुढे हिरवी खूण. तास संपतो, हजेरीपटावर सह्या होतात आणि मंडळी आपापल्या वॉर्डात परततात. तिथे खोकी नसतात. पॅरालिसिसने एक बाजू गेलेले, अंग सोडून दिलेले ८० किलोंचे आजोबा असतात आणि ते उशीवरून घसरत खाटेच्या मध्यावर आलेले असतात.

पुढे कधीतरी एखाद्या मावशींच्या पाठीत उसण भरते आणि त्यांना विचारलं जातं, “शिकवलं होतं ना? मग नीट का नाही वाकलात?” हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तसं म्हणायला तीसेक वर्षांच्या संशोधनाचा आधार आहे. कर्मचाऱ्याचे स्नायू कशाने वाचतात आणि कशाने वाचत नाहीत, याची उत्तरं बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. ती आपल्या वॉर्डांपर्यंत पोहोचलेली नाहीत, म्हणून हा लेख.

स्नायूला इजा होते म्हणजे काय होतं?

भरलेली बादली उचलताना दंडाचा स्नायू आखूड होत जोर लावतो. तीच बादली हळूच जमिनीवर ठेवताना तो लांब होत असतो, पण तेव्हाही जोर सोडत नाही. सोडला तर बादली आदळेल. या दुसऱ्या प्रकाराला ‘इसेंट्रिक’ काम म्हणतात. आपण त्याला लांबत केलेलं काम म्हणू. स्नायूंच्या बहुतेक इजा या प्रकारात होतात, कारण तंतू ताणले जात असतानाच त्यांच्याकडून जोर मागितला जातो.

रुग्णसेवेत असं काम पदोपदी असतं. आजींना खुर्चीत हळूच बसवायचं, कमोडवरून उठवताना त्यांचा तोल गेला की सावरायचं, स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना शेवटच्या क्षणी वजन पेलून खाली टेकवायचं. यात तोल जाणाऱ्याला पकडणं सगळ्यात घातक. वजन अचानक येतं आणि स्नायूंना तयार व्हायला वेळच मिळत नाही.

थकव्याचाही मोठा वाटा असतो. सशांच्या स्नायूंवर १९९६ साली झालेल्या एका प्रयोगात थकवलेला आणि ताजा असे दोन्ही स्नायू फाटेपर्यंत ताणून पाहिले. दोन्ही जवळपास तेवढ्याच लांबीवर फाटले, पण थकलेल्या स्नायूने फाटण्याआधी कमी ऊर्जा झेलली. रात्रपाळी संपताना केलेली उचल आणि पाळी सुरू होताना केलेली उचल दिसायला सारखी असली, तरी शरीरासाठी सारखी नसते.

एक खुलासा इथेच करायला हवा. कंबर दुखते तेव्हा दुखणं नेमकं स्नायूचं, सांध्याचं की मणक्यांमधल्या चकतीचं, हे बहुतेक वेळा ठामपणे सांगता येत नाही. म्हणून बरेच अभ्यास ‘पाठीची इजा’ असं एकत्रच मोजतात, आणि मीही पुढे तसंच म्हणणार आहे.

२० किलोंचे २०० किलो कसे होतात?

बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला मूल बसलंय आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही अगदी मध्याला चिकटून उभे राहून फळी दाबताय, असं समजा. मूल वर न्यायला तुम्हाला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागेल. वाकून वजन धरताना पाठीची अवस्था हीच असते. पाठीचे उभे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. हातातलं वजन मात्र मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे असू शकतं. अंतर दहापट म्हणजे जोरही दहापट. हातात २० किलो असले तर तेवढ्यासाठीच पाठीच्या स्नायूंना २०० किलोंच्या आसपास ओढ द्यावी लागते. पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचं वजन त्यावर आणखी.

अमेरिकेतल्या सरकारी व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने कमरेच्या चकतीवरच्या दाबासाठी एक मर्यादा सुचवली आहे: ३,४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलोंचं वजन. आकडा मोठा वाटतो, पण वरचं गणित पाहिलं तर तिथवर पोहोचायला फार काही लागत नाही.

आता खाटेपाशी या. वॉर्डातली खाट साधारण ३ फूट रुंद, रुग्ण मधोमध. कडेला उभं राहून हात पुढे घातले की ते ५० सेंटिमीटर अंतर आपोआप पडतं. गुडघे दुमडायला गेलं तर ते खाटेच्या लोखंडी चौकटीवर आपटतात. पडद्यावरचं हिरव्या खुणेचं चित्र इथे लागूच होत नाही. मुळात गुडघे दुमडून उचलणं कमरेतून वाकण्यापेक्षा सुरक्षित असतं, याला तरी पुरावा आहे का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली याविषयीचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा सरसकट तसं म्हणण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही. वजन दोन पायांच्या मध्ये मावत असेल तर गुडघे दुमडण्याचा फायदा होतो. नाही तर गुडघेच आड येतात आणि वजन आणखी दूर जातं.

अमेरिकेतल्या त्याच सरकारी संस्थेच्या सूत्रानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो. त्या सूत्रावर काम केलेल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्णांसाठी ती कमी करून सुमारे १६ किलो सुचवली, कारण माणसाला खोक्यासारखं अंगाशी घट्ट धरता येत नाही आणि तो मध्येच हलतो. १६ किलो म्हणजे किती? माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतका असतो. १०० किलोंच्या रुग्णाचा ड्रेसिंगसाठी नुसता पाय उचलून धरला की ही मर्यादा गाठली जाते.

“मग दोघींनी मिळून उचला,” हा सल्ला तर सगळेच देतात. ओहायो राज्य विद्यापीठात विल्यम मॅरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली माणसांच्या अंगावर मोजमापाची उपकरणं लावून हेही तपासलं. रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती हलकी होती, सहकार्यही करत होती. दोघांनी मिळून, चादरीला धरून वर सरकवणं हा हाताने करायच्या प्रकारांत सर्वांत कमी धोक्याचा ठरला. पण ‘कमी’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. हाताने केलेल्या एकाही प्रकारात धोका समाधानकारक पातळीपर्यंत उतरला नाही.

शिकवल्याने फरक पडतो का?

‘पडत असणारच’ असं वाटतं, म्हणूनच हे मोजून बघणं गरजेचं होतं. अमेरिकेच्या टपाल खात्यात ते फार नेटाने केलं गेलं. सुमारे ४,००० कर्मचारी होते. त्यांचे गट पाडून, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, काही गटांना प्रशिक्षण दिलं आणि काहींना दिलं नाही. अनुभवी फिजिओथेरपिस्टनी तीन तास शिकवलं आणि पुढे तीन-चार वेळा उजळणीही घेतली. पर्यवेक्षकांनाही शिकवलं. म्हणजे आपल्याकडच्या एका तासापेक्षा कितीतरी चांगलं प्रशिक्षण. मग साडेपाच वर्षांहून अधिक काळ नोंदी ठेवल्या. त्या काळात ३६० जणांच्या पाठीला इजा झाली. १९९७ साली निष्कर्ष छापून आले: प्रशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत इजांचं प्रमाण सारखंच. इजेमागचा खर्च, बुडालेले दिवस, पुन्हा इजा होण्याचं प्रमाण, कशातही फरक नाही. वाढलं ते फक्त ज्ञान. वजन कसं उचलायचं, हे शिकलेल्यांना जास्त चांगलं सांगता येत होतं.

हा एकच अभ्यास असता तर अपवाद म्हणून सोडून दिला असता. पण वैद्यकीय पुरावे एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांमध्येच २०,००० हून जास्त कर्मचारी होते. वजन उचलण्याचं प्रशिक्षण आणि सल्ला यांनी पाठदुखी टळते असं त्यातून दिसलं नाही. रुग्ण हलवण्यापुरतंच बघायचं तर ब्रिटनमधल्या स्यू हिग्नेट यांनी २००३ साली याच विषयावरचे अभ्यास तपासले होते. केवळ तंत्र शिकवण्यावर भर देणाऱ्या उपायांनी ना कामाची पद्धत बदलते, ना इजा कमी होतात, याला त्यांना भक्कम पुरावा सापडला.

कारण समजायला अवघड नाही. शिकवलेलं वापरायला जागा, वेळ, जोडीला माणूस आणि साधन लागतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. रात्रीच्या वेळी सरकारी वॉर्डात पाऊल टाकलेल्या कुणालाही प्रत्यक्षातलं चित्र ठाऊक आहे. समोर रुग्ण पडायच्या बेतात असताना कुणी मदतीची वाट बघत थांबत नाही. थांबूही नये. तेव्हा शिकवणीतली चूक मावशींच्या हातून होत नाही, त्यांना पर्यायच नसतो.

मग प्रशिक्षण बंद करायचं का?

नाही. पण प्रशिक्षण कशाचं, हे बदलायला हवं. वाकावं कसं, हे शिकवण्याऐवजी उचलणं टाळावं कसं, हे शिकवायचं. रुग्णाला हात लावण्याआधी काही गोष्टी बघायच्या: त्यांना आधाराशिवाय बसता येतं का, पायांवर भार घेता येतो का, सांगितलेलं कळतं का, अचानक हिसका देतील का. उत्तरांवरून ठरवायचं की नुसता हात द्यायचा, सरकवायचं, की यंत्र आणायचं. हे सभागृहात खुर्च्यांवर बसून शिकता येत नाही. त्याच वॉर्डात, त्याच खाटेपाशी आणि रोज वापरायच्या साधनावर ते शिकावं लागतं.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये ऑड्री नेल्सन यांच्या गटाने हीच दिशा धरली. प्रत्येक विभागात कर्मचाऱ्यांमधूनच एकेक जण तयार केला, जो सहकाऱ्यांना साधन वापरायला मदत करतो. इजा झाली किंवा होता होता टळली की सगळे मिळून बोलतात: काय घडलं, काय बदलता येईल? त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. मला यातली ही दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे पाठ धरली हे सांगायलाच माणसं कचरतात. ‘ड्युटी जमत नाही’ असा शिक्का बसेल ही भीती असते, आणि कंत्राटी मावशी-मामांना तर उद्याच्या कामाचीच शाश्वती नसते. कुणी सांगितलंच नाही, तर कोणती खाट, कोणती पाळी, कोणतं काम घातक आहे, हे व्यवस्थापनाला कळणार कसं?

उचलायचं नाही, सरकवायचं

घसरलेल्या रुग्णाला वर घेणं हे वॉर्डातलं सगळ्यात नेहमीचं काम. ते बारकाईने बघू.

नेहमीची पद्धत अशी. सिस्टर एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत पसरलेल्या ड्रॉ शीटच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, “एक, दोन, तीन” म्हणायचं आणि वर ओढायचं. घाईत खाटेचं डोकं उंच असतानाच ओढलं, तर रुग्णाला चढावर ओढल्यासारखं होतं. चादर सुती, खालची गादी रेक्झिनची, घामाने चिकटलेली. त्यामुळे घर्षण भरपूर. ते टाळायला दोघी नकळत चादर वर उचलतात, आणि मग पाठीचं दहापटीचं गणित सुरू होतं.

आता यातली एकेक गोष्ट बदला. आधी क्रँक, म्हणजे खाटेचा दांडा, फिरवून डोक्याकडची बाजू सपाट करा. खाटेची उंची बदलता येत असेल तर ती कमरेपर्यंत आणा. आजोबांना सांगा, “गुडघे दुमडा, हनुवटी छातीला लावा, तीन म्हटलं की पायांनी रेटा द्या.” जेवढं त्यांना जमेल तेवढं वजन तुमच्या पाठीवरून उतरलं. आणि ड्रॉ शीटखाली स्लाइड शीट घाला. हे गुळगुळीत नायलॉनचं दुहेरी कापड असतं. त्याचे दोन थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे रुग्ण उचलला न जाता सरकतो. त्याच्या कातडीवरही ओढ कमी येते. पाठीवर आणि माकडहाडावर जखमा होऊ नयेत म्हणून धडपडणाऱ्या सिस्टरसाठी ही मोठी गोष्ट आहे.

अजिबात भार न घेऊ शकणाऱ्या रुग्णाला खाटेवरून खुर्चीत नेण्यासाठी चाकांचं किंवा छताला लावलेलं लिफ्टिंग यंत्र असतं. रुग्णाखाली झोळी सरकवायची, हुक लावायचे, बटण दाबायचं. अमेरिकेतल्या ६ नर्सिंग होममध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने यंत्रं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि ‘हाताने उचलायचं नाही’ हे लेखी धोरण, असं तिन्ही एकत्र आणलं. १,७०० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येकी तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या. इजा लक्षणीय कमी झाल्या आणि घातलेला पैसा तीन वर्षांच्या आत वसूल झाला. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी टेक्सासने रुग्णालयांना रुग्ण सुरक्षितपणे हलवण्याचं धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक केलं.

प्रत्येक ठिकाणी निकाल इतके चांगले आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. कॅनडातल्या विनिपेगच्या रुग्णालयात ॲनाली यासी यांच्या गटाने केलेल्या चाचणीत यंत्रं मिळालेल्या परिचारिकांचा थकवा आणि असुरक्षित वाटणं कमी झालं, पण वर्षभरात इजांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. यंत्र आणून कोपऱ्यात ठेवलं, चार्ज केलं नाही, झोळी धुवायला गेली ती परतलीच नाही, तर त्याचाही उपयोग नाही.

आपल्याला हे परवडणार आहे का?

छताची लिफ्ट प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात बसणार नाही, हे मान्य. पण स्लाइड शीट, सरकवायची गुळगुळीत फळी, रुग्णाच्या कमरेला बांधायचा धरायच्या कड्यांचा पट्टा, चालू क्रँक आणि न अडकणारी चाकं, यांना लिफ्टसारखा खर्च येत नाही. मोडलेली चाकं दुरुस्त करणं हासुद्धा पाठ वाचवण्याचाच उपाय आहे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. अमेरिकेत कर्मचाऱ्याला इजा झाली की मालकाचा नुकसानभरपाईच्या विम्याचा खर्च वाढतो. यंत्र घेतल्यावर वाचलेला पैसा त्याच्याच हिशेबात दिसतो. आपल्याकडे मावशींची पाठ गेली तर खर्च मावशींचा: औषधं, बुडालेला रोज, कधी सुटलेलं काम. रुग्णालयाच्या ताळेबंदात त्याची ओळच नसते. एका क्षणात पाय घसरून पडलात तर अपघात म्हणून नोंद तरी होते. वर्षानुवर्षं वाकून झिजलेल्या पाठीला तारीख-वेळ नसते, त्यामुळे भरपाई मागायची तरी कशावरून? ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी ते कुणाला परवडत नाही, हे आधी सांगायला हवं.

ओझंच बदला, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. बाजार समित्यांमधल्या हमालांनी १०० किलोंच्या पोत्याऐवजी ५० किलोंचं पोतं मागितलं, ते ह्याच शहाणपणातून. हमालाला वाकायला शिकवा, असं त्यांच्या संघटनांनी म्हटलं नाही. पोतं लहान करा, असं म्हटलं.

पट्टा बांधला तर? स्ट्रेचिंग केलं तर?

कमरेचा पट्टा बांधून काम करणाऱ्या अनेक जणी दिसतात. अमेरिकेतल्या १६० मोठ्या दुकानांमधल्या ९,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. रोज पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात पाठदुखी आणि इजांच्या बाबतीत फरक आढळला नाही. पट्ट्याने बरं वाटत असेल तर जरूर बांधावा, पण त्याच्या भरवशावर जास्त वजन उचलू नये. स्ट्रेचिंगचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १,५०० हून जास्त नव्या भरतीच्या जवानांवर चाचणी झाली. व्यायामाआधी स्नायू ताणण्याने इजा कमी झाल्या नाहीत.

स्नायू स्वतःला कसा वाचवतो?

शरीराची एक तजवीज मात्र विलक्षण आहे. सवय नसताना लांबत केलेलं काम भरपूर केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. गड उतरून आल्यावर मांड्या धरतात ते हेच. चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्याने. याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो, पण ते तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखतं ते तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे.

तेच काम काही आठवड्यांनी पुन्हा केलं तर दुखणं खूपच कमी होतं, ताकदही कमी घटते. एकाच अनुभवाने स्नायू सावध होतो. काझुनोरी नोसाका यांच्या गटाने २००१ साली दाखवलं की हे संरक्षण सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतं, पण हळूहळू विरतं. आणि पहिली खेप हलकी असली तरी काही प्रमाणात संरक्षण मिळतं.

याचा कामाशी थेट संबंध आहे. नवीन लागलेली व्यक्ती, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली सिस्टर, मोठ्या आजारपणानंतर रुजू झालेले वॉर्डबॉय, यांच्या स्नायूंना ते संरक्षण नसतं किंवा विरलेलं असतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात भरपाईच्या नोंदींवरून दिसलं की कामाच्या पहिल्या महिन्यात इजेचा धोका वर्षभर जुन्या कर्मचाऱ्याच्या तिपटीहून जास्त असतो. कामाची ओळख नसणं हे त्याचं एक कारण, आणि शरीराला सवय नसणं हेही. पहिल्याच दिवशी ऑर्थोपेडिक वॉर्डात रात्रपाळी देण्याऐवजी दोन-तीन आठवडे भार चढवत नेला, तर त्याला यंत्र लागत नाही. ड्युटी लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरची पेन्सिल पुरते.

व्यायामाचा पुरावाही चांगला आहे. २०१६ साली २१ चाचण्यांचा आढावा निघाला, त्यात ३०,००० हून जास्त लोक होते. नुसतं शिकवणं, पट्टे आणि बुटातले तळवे यांनी कंबरदुखी टळत नाही, पण व्यायामाने पहिल्या वर्षात धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. व्यायामाला माहितीची जोड दिली तर आणखी. डेन्मार्कमधल्या ३ रुग्णालयांत २०० महिला कर्मचाऱ्यांवर झालेली चाचणी मला विशेष आवडते. काहींनी कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, आठवड्यातून पाच वेळा १० मिनिटं रबरी पट्ट्यांनी आणि वजनांनी एकत्र व्यायाम केला. काहींनी घरी एकटीने केला. १० आठवड्यांनी कामाच्या जागी व्यायाम केलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. घरी जाऊन स्वयंपाक, मुलं, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हणणं सोपं आहे. तिच्या पाळीतली १० मिनिटं मोकळी करून देणं, हा उपाय.

“दिवसभर उचलापाचल करतात, तोच व्यायाम की!”

हे फार वेळा ऐकू येतं. व्यायामात भार तुम्ही ठरवता, हळूहळू वाढवता आणि मध्ये विश्रांती घेता. वॉर्डात भार रुग्ण ठरवतो, तो अचानक येतो आणि विश्रांती मिळेलच असं नाही. डेन्मार्कचेच आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी सांगतात की मोकळ्या वेळातल्या हालचालीने तब्येत सुधारते, पण कष्टाच्या कामातल्या हालचालीने तसा फायदा दिसत नाही, उलट अपायच दिसतो.

“आमच्या वेळच्या मावशी तीस वर्षं उचलत होत्या, काही झालं नाही,” असंही म्हणतात. ज्यांना झालं त्या काम सोडून गेल्या. वॉर्डात दिसतात त्या टिकलेल्या.

घरातल्या खाटेपाशी

हे सगळं घरालाही लागू आहे, कदाचित जास्तच. तिथे ब्युरोतून आलेली एकटी बाई किंवा घरातली सून-मुलगी असते. घरातला पलंग बुटका असतो. पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवले तर काम करणाऱ्याची पाठ वाचते. आजींना स्वतः उतरता येत असेल, तर मात्र उंची त्यांचे पाय टेकतील एवढीच ठेवा. पलंग भिंतीपासून पुढे घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येईल. कमोडची खुर्ची पलंगाच्या उंचीची आणि हात बाजूला काढता येईल अशी घ्या, म्हणजे उचलण्याऐवजी सरकवता येतं. रुग्णाने तुमच्या गळ्यात हात टाकू नयेत. त्यांचा तोल गेला की सगळा भार तुमच्या मानेवर येतो. आणि तोल गेलाच तर त्यांना हवेत तोलून धरायचा प्रयत्न करू नका. जवळ राहून, अंगाला टेकवत सावकाश जमिनीवर बसू द्या, डोकं सांभाळा, मग मदत बोलवा.

पाठ धरलीच तर

‘आठवडाभर आडवं पडून राहा’ हा सल्ला मागे पडला आहे. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरच झालेली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस पूर्ण विश्रांती, काहींना पाठीचे व्यायाम आणि काहींना ‘झेपेल तसं नेहमीचं सगळं करत राहा’ असं सांगितलं. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. यात ‘झेपेल तसं’ हे महत्त्वाचं. त्याच दिवशी पुन्हा रुग्ण उचलायला लावणं, असा त्याचा अर्थ नाही. काही दिवस हलकी ड्युटी मिळायला हवी.

काही लक्षणांत मात्र घरी थांबायचं नाही: पायातली ताकद कमी होत चालली, मांड्यांच्या मधल्या भागात किंवा गुदाच्या आसपास बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी मलम-शेक करत न बसता त्याच दिवशी, तासाभराचाही उशीर न करता, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. पाठदुखीबरोबर ताप असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि इजा कामावर झाली असेल तर तारीख, वेळ, रुग्णाची खाट आणि त्या पाळीत सोबत किती जणी होत्या, हे लेखी कळवून त्याची पोच घ्या.